तो, ते आणि एक छोटासा 'या'

अनुवादाची परीक्षा करताना आपले लक्ष आधी मोठ्या शब्दांकडे जाते. शीर्षक कसे केले आहे, प्रतिमा उतरल्या आहेत का, लांब वाक्ये राखली की मोडली, एवढे पाहून आपण अभिप्राय देऊन टाकतो. एक-दोन अक्षरांच्या शब्दांकडे सहसा कोणी वळत नाही. ते आपोआप येतील असे आपण धरून चालतो.

काही महिन्यांपूर्वी फ्रान्झ काफ्काच्या 'डी फेरवांडलुंग' (रूपांतर) या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकथेच्या एका मराठी अनुवादाचे हस्तलिखित माझ्याकडे वाचायला आले. अनुवाद इंग्रजीवरून केला आहे, हे अनुवादकाने प्रांजळपणे लिहिले होते. भाषा ओघवती होती, कुठे अडखळायला होत नव्हते. तिसऱ्या भागात मात्र मी थांबलो. थोरल्या भावाची सेवा करून थकलेली बहीण, ग्रेटे, आईवडिलांना सांगते की आता यातून सुटले पाहिजे. अनुवादात लिहिले होते 'त्याला घालवले पाहिजे'. मराठी वाक्य म्हणून यात काहीच चूक नव्हती, आणि तरीही काहीतरी गळले होते. मूळ पुस्तक काढून पाहिले. गळलेला शब्द दोन अक्षरांचा होता. पुढे तीन-चार पानांवर आणखी एक दोन अक्षरांचा शब्द गळला होता. या दोन शब्दांबरोबर कथेतला बराच मोठा भाग निसटला होता, असे मला वाटते. त्याविषयी हे टिपण आहे.

जर्मन शिकणारा विद्यार्थी पहिल्या वर्षी ज्या शब्दांना घाबरतो ते सगळे आखूड असतात. मोठे शब्द भीतिदायक दिसतात, पण ते जोडशब्द असतात. फोडले की उलगडतात. आखूड शब्द फोडता येत नाहीत. 'वान', 'वेन' आणि 'आल्स'. 'डान' आणि 'डेन'. 'ईम' आणि 'ईन'. 'डास' या एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत: एक नपुंसकलिंगी उपपद किंवा सर्वनाम, दुसरे आपले 'की'. कानाला फरक कळत नाही, तो फक्त लिहिण्यात आहे. दुसऱ्या 'डास'च्या शेवटी पूर्वी एक वेगळे अक्षर येत असे. १९९६च्या लेखनसुधारणेनंतर तिथे साधे दोन 'स' आले. जर्मन मुलेसुद्धा इथे चुकतात.

या जोड्या आपल्याला इंग्रजीतून शिकवल्या जातात आणि बरीचशी अडचण तिथून सुरू होते. इंग्रजीतल्या 'व्हेन' या एका शब्दाला जर्मनमध्ये तीन उत्तरे आहेत, हे ऐकून विद्यार्थी गांगरतो. पण मराठी माणसाने गांगरण्याचे कारण नाही. 'वान' म्हणजे 'केव्हा'. विचारायचे असेल तेव्हाच तो येतो. 'आल्स' म्हणजे भूतकाळात एकदाच घडलेल्या गोष्टीचा 'जेव्हा'. आणि 'वेन' म्हणजे पुन्हा पुन्हा घडणाऱ्या किंवा पुढे घडायच्या गोष्टीचा 'जेव्हा', तसाच 'जर'. 'केव्हा', 'जेव्हा' आणि 'तेव्हा' वेगळे ठेवणाऱ्या भाषेला प्रश्न कुठला आणि जोडणी कुठली हे शिकवावे लागत नाही. शिवाय 'वेन'मधली 'जेव्हा' आणि 'जर' यांच्या मधली जागासुद्धा आपल्याकडे आहे. 'तो आला म्हणजे सांग' या वाक्यातला 'म्हणजे' पाहा. तो येणार हे नक्की आहे की नाही, हे वाक्य सांगत नाही. सांगायची गरज पडत नाही. इंग्रजीला इथे 'इफ' की 'व्हेन' हे ठरवावेच लागते. इंग्रजीवरून अनुवाद करणाऱ्याच्या हाती ते ठरवून झालेले वाक्य येते.

तीच गोष्ट लिंगाची. 'झे' हा शब्द पुल्लिंगी असला तर तळे आणि स्त्रीलिंगी असला तर समुद्र. हे ऐकून इंग्रजी माध्यमातल्या विद्यार्थ्याला हसू येते. पण आपण 'तो वेळ' आणि 'ती वेळ' यांत रोज फरक करतो. तो वेळ लागतो, पुरतो, वाया जातो. ती वेळ येते आणि टळते. उपपद बदलल्याने अर्थ बदलणे आपल्या सवयीचे आहे. हुगो फॉन हॉफमन्स्थाल याने १८९३ साली लिहिलेल्या एका छोट्या नाटकाच्या शीर्षकात 'टोर' आणि 'टोड' हे शब्द शेजारी ठेवले आहेत. 'टोड' म्हणजे मृत्यू. 'टोर' पुल्लिंगी आहे म्हणून तो मूर्ख आहे. नपुंसकलिंगी असता तर दरवाजा झाला असता. उपपद न पाहता शब्दकोश उघडणारा 'दरवाजा आणि मृत्यू' असे शीर्षक देऊन मोकळा होईल, आणि ते शीर्षक वाईट वाटणार नाही ही खरी पंचाईत आहे. छोट्या शब्दांच्या चुका अशाच असतात. वाक्य बिघडत नाही, म्हणून चूक पकडली जात नाही.

आता काफ्काकडे वळू. मला ज्या दोन अक्षरांपाशी थांबावे लागले तो शब्द 'एस'. जर्मनमध्ये तृतीय पुरुषाचे एकवचन तीन प्रकारचे आहे: 'एर', 'झी' आणि 'एस'. म्हणजे सरळ 'तो', 'ती', 'ते'. हे तीनपण आपल्याकडे शाबूत आहे. हिंदीने नपुंसकलिंग सोडले आणि तिच्या 'वह'मध्ये स्त्री-पुरुष भेदही उरला नाही. गुजराती आणि कोकणीत तीन लिंगे आहेत. कन्नड आणि तमिळ वेगळ्या वाटेने जातात. तिथे माणसाचे सर्वनाम आणि जनावर-वस्तूचे सर्वनाम निराळे आहे, त्यामुळे या कथेतला हा प्रसंग त्या भाषांना कदाचित सर्वांत उघड करून सांगता येईल. पण उघड करून सांगणे हे काफ्काच्या मनात नसावे, आणि तिथेच मराठीला एक संधी आहे.

प्रसंग असा. एका सकाळी ग्रेगोर झाम्झा हा फिरता विक्रेता किड्यासारख्या कुठल्यातरी ओंगळ जीवात बदललेला जागा होतो. काफ्काचा पहिल्या वाक्यातला शब्द, 'उनगेत्सीफर', नपुंसकलिंगी आहे आणि तो कुठल्याही एका किड्याचे नाव नाही. उपद्रवी जीवजंतूंसाठीचा तो ढोबळ शब्द आहे. मुखपृष्ठावर तो कीटक काढू नये असे काफ्काने प्रकाशकाला कळवले होते, यावरून तो जीव ओळखू न येण्याला त्याच्या लेखी किती महत्त्व होते हे कळते. पण हे नाम नपुंसकलिंगी असूनही निवेदक ग्रेगोरला कधी 'एस' म्हणत नाही. शेवटच्या श्वासापर्यंत निवेदकासाठी तो 'एर' आहे, 'तो' आहे. शरीर बदलले, सर्वनाम बदलले नाही. मराठीत 'झुरळ' लिहिणारा अनुवादक इथे दोन चुका करतो. एक, जीवाला नाव देतो. दुसरी, 'झुरळ' नपुंसकलिंगी असल्यामुळे 'ते झुरळ' म्हणत पहिल्याच पानावर ग्रेगोरला 'ते' करून बसतो. मग तिसऱ्या भागात बहिणीला करायला काही उरत नाही.

कारण ते काम बहिणीचे आहे. व्हायोलिन वाजवून झाले आहे, ग्रेगोर बाहेर आलेला पाहून भाडेकरूंनी घर सोडण्याची धमकी दिली आहे. ग्रेटे टेबलावर हात आपटून बोलायला लागते. या प्राण्यासमोर भावाचे नाव तोंडी आणायचे नाही, असे ती आधी जाहीर करते. त्यासाठी ती जो शब्द वापरते, 'उनटीर', तो नपुंसकलिंगी आहे. आणि मग लगेच सर्वनाम येते: 'एस'. ते घालवायचे आहे.

कोणी म्हणेल, यात काय विशेष? नाम नपुंसकलिंगी, म्हणून सर्वनाम नपुंसकलिंगी; हा व्याकरणाचा नियम झाला. आक्षेप बरोबर आहे आणि माझ्या मते प्रसंगाची सगळी ताकद त्यातच आहे. ग्रेटेला कोणी विचारले असते की तू भावाला 'ते' का म्हणालीस, तर ती म्हणू शकली असती की मी त्या प्राण्याविषयी बोलत होते. व्याकरण तिच्या बाजूने साक्ष देईल. पण नाम तिने निवडले आहे, आणि भावाचे नाव घ्यावे लागू नये म्हणूनच निवडले आहे. क्रूरपणा नियमाच्या आड उभा आहे. इंग्रजीत हे साधत नाही. तिथे 'ही' म्हणजे माणूस आणि 'इट' म्हणजे वस्तू, इतका भेद उघडा पडतो की 'इट' ऐकताच वाचक दचकतो. जर्मनमध्ये मेज पुल्लिंगी असते, दिवा स्त्रीलिंगी, आणि मूल नपुंसकलिंगी. त्यामुळे 'एस' हा शब्द आवाज न करता आत शिरू शकतो.

मराठीतही तो तसाच शिरू शकेल, पण नाम नीट निवडले तर. इंग्रजी अनुवादांत इथे 'मॉन्स्टर' किंवा 'क्रीचर' असे शब्द येतात. त्यांवरून मराठी करणाऱ्याच्या हाताशी 'राक्षस' आणि 'प्राणी' येतात. दोन्ही पुल्लिंगी. 'राक्षस' म्हटले की पुढे 'तो'च येणार आणि वाट बंद झाली. 'जनावर' म्हटले की ती उघडते. 'हे जनावर' म्हणणारी बहीण पुढच्या वाक्यात 'ते' म्हणेल आणि वाचकाच्या लक्षातही येणार नाही, जसे आईवडिलांच्या लक्षात येत नाही. इंग्रजीला जे जमत नाही ते मराठीला सहज जमते, ते असे.

पण इथे आपल्याच अंगणातला एक खड्डा आहे. 'तो' आणि 'ते' प्रथमेत वेगळे आहेत, सामान्यरूपात नाहीत. 'तो'चे 'त्याला' आणि 'ते'चेही 'त्याला'. 'त्याच्यापासून सुटका', 'त्याचा नाद', 'त्याला घालवणे': या प्रत्येक रचनेत भाऊ आणि जनावर एकच होऊन जातात. जर्मनलाही हा खड्डा ठाऊक आहे; तिथे चतुर्थीचा 'ईम' पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोघांना सामाईक आहे. पण द्वितीयेत 'ईन' आणि 'एस' वेगळे राहतात, आणि काफ्काचे क्रियापद द्वितीया घेणारे आहे. माझ्याकडे आलेल्या हस्तलिखितात अनुवादक नेमका या खड्ड्यात पडला होता. इंग्रजीतला 'इट' त्याने पाहिला नसेल असे नाही. पाहिला, पण 'त्याला' लिहिताच तो पुसला गेला.

उपाय मराठीच्या एका जुन्या सवयीत आहे. आपण माणसाला 'ला' लावतो, वस्तूला लावत नाही. 'मुलाला पाहिले', पण 'घर पाहिले'. 'त्याला घालवले पाहिजे' यातला 'ला' त्या जीवाला अजून माणसांच्या पंगतीत बसवतो. 'ते घालवले पाहिजे' म्हटले की तो पंगतीतून उठला. एक प्रत्यय काढला की काफ्काचा 'एस' जागच्या जागी बसतो.

तरीही एक अडचण उरते. मराठी 'ते' स्वतःच गोंधळात टाकणारा छोटा शब्द आहे. तो नपुंसकलिंगी एकवचन आहे, पुल्लिंगी अनेकवचन आहे आणि आदरार्थीही आहे. 'ते गेले' हे वाक्य वडिलांविषयी असू शकते, भाडेकरूंविषयी असू शकते किंवा जनावराविषयी. या कथेत तीन भाडेकरू आहेत आणि एक बाप आहे, म्हणजे घोटाळ्याला पूर्ण वाव. जुन्या लेखनात हा घोटाळा नव्हता. नपुंसकलिंगी 'तें' वर अनुस्वार येत असे, 'गेलें' वरही येत असे. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्यातून लेखन सोपे झाले यात शंका नाही, पण 'तें' आणि 'ते' यांतला डोळ्यांना दिसणारा फरक गेला. बोलण्यात तो राहिला, कारण आपण 'ते गेलं' आणि 'ते गेले' असे वेगळे बोलतो. हा लेख मी ज्या प्रमाण लेखनात लिहीत आहे त्यात 'गेले' हेच दोन्हींसाठी पुरवावे लागते. म्हणून मला वाटते, या कथेतले संवाद तरी बोलीच्या लेखनात, 'गेलं', 'पाहिजे होतं' असेच हवेत. तो निर्णय शैलीचा वाटेल, पण इथे तो अर्थाचा आहे.

आणखी एक सावधगिरी. मराठी 'ते' केवळ तुच्छतेचे नाही. 'ते पोर', 'ते लेकरू' यांत माया आहे. मालवणी-कोकणीत तरुण मुलीसाठीही नपुंसकलिंग येते आणि त्यात अपमान नसतो. तेव्हा 'ते' लिहिले आणि काम झाले असे नाही. आधी 'जनावर' येऊ द्यायला हवे, 'ला' काढायला हवा, आणि मग 'ते'.

शिवाय प्रत्येक 'एस' हा 'ते' नसतो. पाऊस पडतो हे सांगतानाही जर्मन वाक्याला 'एस' लागतो. तो कर्त्याची रिकामी खुर्ची धरून ठेवणारा शब्द आहे. याच भाषणात ग्रेटे वडिलांना सांगते की हा ग्रेगोर आहे ही कल्पनाच सोडून द्या. तिथेही 'एस' आहे, पण तो रिकाम्या खुर्चीचा. त्याला जनावर समजून 'ते' केले तर अर्थाचा अनर्थ होईल. आणि त्याच दमात ती म्हणते की हा खरोखर ग्रेगोर असता तर आपण होऊन निघून गेला असता. त्या नसलेल्या, समजूतदार, निघून जाणाऱ्या भावाला ती पुन्हा 'एर' म्हणते. समोर आहे तो 'एस', मनातला तो 'एर'. आणि खोलीत याच वेळी बापही बोलतो आहे. त्याला आपले बोलणे कळत असते तर, असे तो अर्धवट प्रश्नासारखे दोनदा म्हणतो. बापाच्या तोंडी 'एर' आहे. ज्याने सफरचंद फेकून ग्रेगोरला जखमी केले तो बाप अजून 'तो' म्हणतो, आणि जिने दूध-भाकरी नेऊन दिली ती बहीण 'ते' म्हणते. हे कोणत्याही विशेषणातून काफ्काने सांगितलेले नाही. ते फक्त सर्वनामांत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रेगोर मेलेला सापडतो. मोलकरीण येऊन ओरडते; तिच्या तोंडी 'एस' आहे आणि जनावराच्या मरणासाठी वापरायचे क्रियापद आहे. तिच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. आईवडील खोलीत येतात, ग्रेटे येते. ती प्रेताकडे पाहत राहते आणि म्हणते की बघा किती वाळला होता. इथे ती 'एर' म्हणते. एका रात्रीत 'ते' पुन्हा 'तो' झाले आहे. जिवंत असताना काढून घेतलेले सर्वनाम मेल्यावर परत दिले आहे. 'तो' आता काही मागणार नाही, म्हणून ते देणे परवडते.

आणि लगेच पुढच्या वाक्यात माझा दुसरा गळलेला शब्द आहे: 'या'. शब्दकोशात 'या'चा अर्थ 'हो'. पण वाक्याच्या मध्ये, आघाताशिवाय आला की तो 'हो' राहत नाही. तेव्हा तो म्हणतो, हे तुला-मला ठाऊकच आहे. किती दिवस त्याने काही खाल्ले नव्हते, असे ग्रेटे म्हणते आणि त्यात हा 'या' घालते. म्हणजे ती बातमी देत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीची आठवण करून देते. घरातल्या प्रत्येकाला माहीत होते की ग्रेगोर जेवत नाही. कोणी बोलले नाही. ही कबुली त्या दोन अक्षरांत आहे, वाक्यात इतरत्र कुठेही नाही.

इंग्रजी अनुवादांत हा 'या' बहुधा गळतो, आणि त्यात इंग्रजीचा दोष म्हणता येणार नाही. तिच्याकडे असे अव्यय वाक्यात पेरायची सोय कमी आहे. जर्मनमध्ये अशा छोट्या अव्ययांचे एक कुटुंबच आहे: 'या', 'डॉख', 'माल', 'डेन', 'एबेन', 'शोन'. त्यांचे अर्थ शब्दकोशात सापडत नाहीत, बोलण्याच्या सुरात सापडतात. इंग्रजीतून शिकवताना त्यांना 'अनुवाद करू नका' असा शेरा मिळतो. मराठी विद्यार्थ्याला तो शेरा देण्याचे कारण नाही, कारण आपले बोलणे अशाच अव्ययांवर चालते: 'च', 'ना', 'की', 'तर', 'जरा', 'बघू', 'तरी'. 'कॉम डॉख' म्हणजे 'ये ना'. 'कॉम माल हेर' म्हणजे 'इकडे ये बघू'. प्रश्नात 'डेन' आला की 'काय करतोयस तरी काय' असा सूर लागतो. 'तू येणार नाहीस?' या नकारार्थी प्रश्नाला जर्मन माणूस नुसते 'डॉख' म्हणतो. त्याला आपल्याकडे एक शब्द नाही, पण 'येणार की' यातला 'की' तेच काम करतो. ग्रेटेच्या 'या'साठी आपल्याकडे 'ना' आहे. वाक्याच्या शेवटी 'ना' लागला की ऐकणाराही त्या माहितीचा भागीदार होतो. प्रश्नचिन्ह मात्र देऊ नये. विचारणे वेगळे आणि वाटून घेणे वेगळे.

अशा वाचनाला एक धोका आहे आणि तो मान्य केला पाहिजे. छोटा शब्द दिसला की त्यात मोठे गूढ शोधायची सवय लागते. काफ्काच्याच 'देअर प्रोत्सेस' या १९२५ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या पहिल्या वाक्यातले एक क्रियारूप पुष्कळ चर्चिले गेले आहे: 'हेटे'. 'हाटे' म्हणजे 'होते'. अक्षरावर दोन टिंबे पडली की 'हेटे', म्हणजे 'असते', संकेतार्थ. नायकाने काही वाईट केलेले नसताना त्याला अटक होते, हे सांगताना संकेतार्थ कशाला, त्याच्या निर्दोषपणावर ही शंका तर नव्हे, असा तर्क केला जातो. ब्रेऑन मिचेल यांच्या १९९८च्या इंग्रजी अनुवादात तर 'खरोखर' या अर्थाचे एक क्रियाविशेषणही तिथे आले आहे. तर्क मोहक आहे. पण ज्या उभयान्वयी अव्ययानंतर हे रूप आले आहे त्यानंतर जर्मन लेखनात संकेतार्थ येण्याची रीतच आहे. शंका तिथे असेल. पण एकट्या दोन टिंबांवर तिचा डोलारा उभा करता येणार नाही. 'डी फेरवांडलुंग'मधल्या 'एर' आणि 'एस'चे तसे नाही. तिथे एकच पात्र एका रात्रीच्या अंतराने दोन सर्वनामे वापरते आणि त्याच खोलीत दुसरे पात्र तिसऱ्याच निष्ठेने बोलते. पुरावा एका शब्दाचा नाही, शब्दांमधल्या फरकाचा आहे. छोट्या शब्दाला अर्थ द्यायचा तर तो दुसरीकडे कुठे बदलतो हे दाखवता आले पाहिजे, एवढी कसोटी पुरे.

इंग्रजीवरून केलेले अनुवाद टाकाऊ असतात असे मला म्हणायचे नाही. खुद्द जर्मनांना कालिदासाचे 'शाकुंतल' इंग्रजीच्याच पुलावरून मिळाले. विल्यम जोन्स यांचा इंग्रजी अनुवाद १७८९चा. त्यावरून गेऑर्ग फॉर्स्टर यांनी १७९१ साली जर्मन केला आणि तो वाचून गोएथे भारावला. मराठी रंगभूमीने ब्रेख्ट आपलासा केला तो आणखी मोकळेपणाने. चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' किंवा पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' ही रूपांतरे आहेत; त्यांच्याकडे मूळ सर्वनामांचा हिशेब मागणे अन्यायाचे होईल. शिवाय रंगमंचावर गळलेला 'ना' नट आपल्या सुराने भरून काढतो. छापील कथेला नट नसतो. तिथे जे लिहिले नाही ते नाहीच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. जर्मनवरून मराठीत आलेल्या गद्याची परीक्षा छोट्या शब्दांवर व्हावी, कारण आपल्या दोन भाषा तिथे सर्वांत जवळ आहेत. तीन लिंगे दोघींकडे आहेत, बोलण्याच्या सुराची अव्यये दोघींकडे आहेत, 'जेव्हा' आणि 'जर' यांच्यातली धूसर जागा दोघींकडे आहे. मधल्या पुलावर जे सांडते त्यातले पुष्कळ इकडच्या काठावर आपल्या घरातच पडून असते. ते उचलायला थोडे वाकावे लागते. ज्याला जर्मन येत नाही त्यानेही इंग्रजी प्रत समोर ठेवून, जर्मन येणाऱ्या कोणाकडून प्रत्येक सर्वनाम आणि प्रत्येक अव्यय एकदा तपासून घ्यावे. पाऊणशे पानांच्या कथेला त्यासाठी दोन संध्याकाळी पुरतात.

हस्तलिखित परत करताना तिसऱ्या भागात मी पेन्सिलीने तीनच खुणा केल्या. 'राक्षस' खोडून 'जनावर' सुचवले. 'त्याला' मधला 'ला' काढून 'ते' केले. आणि शेवटी, बहीण प्रेताकडे पाहत बोलते तिथे पूर्णविरामाच्या आधी थोडी जागा करून एक 'ना' लिहिला.